डावा हात

गिऱ्हाईक होऊन यायचं आणि गिऱ्हाईक नसायचं, ही वागणूक मला कधीच पटली नाही. हेमा पाखरेनं नेमकं तेच केलं. मंगळवारी दुपारी माझ्या बांगड्यांच्या दुकानाच्या फळीवर येऊन बसली, उजवा हात माझ्यापुढं केला आणि म्हणाली, "मावशी, सहा भरा. रंग कुठलाही चालेल."

रंग कुठलाही चालेल असं सांगणारी बाई मी चाळीस वर्षांत बघितली नव्हती. गरिबातली गरीब आली तरी दहा डबे उघडायला लावते, दोन रंग एकमेकांशेजारी धरून बघते, मग पहिलाच घेते. मी हिच्याकडं नीट बघून घेतलं. चाळिशीला टेकलेली, सुती ड्रेस, खांद्याला कापडी पिशवी, गळा मोकळा. डाव्या मनगटावर बाप्याचं वाटावं असं रुंद पट्ट्याचं घड्याळ. हात हातात घेऊन अंगठ्याच्या बुडाशी दाबलं तेव्हा कळलं, या हातात बांगडी गेलेली आहे, पण त्याला फार वर्षं झाली.

आमच्या धंद्यात एक अडचण आहे. बांगडी हाडावर अडकली की कासारणीला हलता येत नाही. सोडलं तर बांगडी फुटते, बाईचा हात कापतो, आणि नुकसान कासाराचं. ही बया ते माहीत करून आली होती. तिसरी बांगडी हाडावर होती तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "मी सांगलीहून आलेय. रंजनाविषयी बोलायचंय."

रंजना माझी धाकटी. त्या वेळी ती चोवीस वर्षांची होती आणि वरच्या खोलीत कुलपात होती. त्याच आठवड्यात, रविवारी तिचं लग्न होतं.

मी बांगडी पुढं सारली. हात सोडता येत नव्हता, म्हणून ऐकावं लागलं. ती एका संस्थेतून आली होती म्हणे. बायकांवर जीव लावणाऱ्या बाया आणि पुरुषांवर जीव लावणारे पुरुष, यांना घरचे डांबतात, मारतात, बळंच बोहल्यावर चढवतात, त्यांच्यासाठी ती संस्था. त्यांचा एक फोन होता. त्या फोनवर अलका मानेनं रडून सांगितलं होतं.

अलकाचं नाव ऐकल्यावर माझ्या हाताला घाम सुटला. ती नर्स होती. कऱ्हाडला रंजनाबरोबर एका खोलीत तीन वर्षं राहिली. दोन दिवाळ्यांना माझ्या घरी फराळाला येऊन गेली. तिच्या हातात मी स्वतः बांगड्या भरल्या होत्या, लाल, सोनेरी रेघेच्या, आणि पोरीची मैत्रीण म्हणून पैसे घेतले नव्हते. मग माझ्या थोरल्यानं, दिलीपनं, रंजनाच्या फोनमध्ये काहीतरी वाचलं. ते त्यानं मला वाचून दाखवलं नाही. नुसता फोन माझ्यापुढं धरला आणि म्हणाला, "आई, तुला वाचता येतंय तेवढं वाच." मला चौथीपुरतं येतं. तेवढं पुरलं.

आईला बरं नाही म्हणून रंजनाला बोलावून घेतलं आणि वर ठेवलं. फोन काढून घेतला. तासगावकडचं स्थळ बाराव्या दिवसावर पक्कं केलं. घाई त्यांनाही होती. का होती, ते आम्ही विचारलं नाही.

सहावी बांगडी चढल्यावर मी हात सोडला आणि त्या बाईला सांगितलं की माझ्या घरात डोकवायचं नाही. तिनं वाद घातला नाही. नमस्कार केला, पैसे ठेवले आणि गेली.

बुधवारी त्याच वेळेला परत आली. हात मोकळा.

"कालच्या कुठं गेल्या?" मी विचारलं.

तिनं पिशवीतून कागदाची पुडी काढली. सहाच्या सहा बांगड्या धड होत्या. रात्री साबण लावून एकेक उतरवल्या होत्या. कासारणीनं भरलेली बांगडी दुसऱ्या दिवशी काढून तिच्याच दारात यायचं, म्हणजे स्वयंपाकिणीनं वाढलेलं ताट तिच्याचपुढं उष्ट्यात ओतायचं. पण माझ्या सासूची शिकवण होती, पुढं आलेला हात रिकामा पाठवायचा नाही. नवरा गेला तेव्हा माझे स्वतःचे हात मोकळे झाले, तरी मी गल्ल्यावरनं उठले नाही ते त्याच शिकवणीवर. मी साबण घेतला.

त्या दिवशी तिनं सगळं उलगडून सांगितलं. चौकीत गेली होती. तिथं पोलिसांनी सांगितलं, पोरगी आईच्या घरात आहे, तिला डांबलेली कसं म्हणायचं, आणि बाजूचा एकजण हसला. मग त्यांच्या वकिलीणबाईनं कोर्टात अर्ज टाकला. रंजनाला समोर उभी करून विचारा, एवढाच अर्ज. तारीख मिळाली सोमवारची.

मला हसू आलं. कोर्टाचा सोमवार आणि माझा रविवार.

"ती सज्ञान आहे, मावशी. तिला तुम्ही एकदा विचारा तरी."

"मला कोणी विचारलं होतं?" मी म्हणलं. "पंधराव्या वर्षी या उंबऱ्यात आले. सासूनं हात दाबला, आई गं म्हणलं तर म्हणाली, सवय होते. झाली."

"अलका चार दिवस स्टँडवर बसून आहे," ती म्हणाली.

"बसू दे. स्टँड सरकारचा आहे."

घर माझ्या मुठीत होतं हे मी लपवत नाही. दिलीप कितीही मोठ्यानं बोलला तरी शेवटचा शब्द माझा असायचा, आणि कुलूप त्यानं लावलं तरी ते माझ्या सांगण्यावरून लागलं होतं. त्या खोलीतून काय काय काढायचं, तेही मीच ठरवलं होतं. ओढण्या काढल्या. कात्री, पंख्याची दोरी, मोरीतली फिनेलची बाटली. खिडकीला जाळी होतीच. म्हणजे मला काही कळत नव्हतं असं कोणी समजू नये. मी सगळ्या वाटा बंद केल्या होत्या, आणि आपण किती शहाण्या आहोत याचा मला अभिमान होता.

गुरुवारी ती तिसऱ्यांदा आली. त्या दिवशी ना कोर्ट ना कायदा. हात पुढं केला, दोन बांगड्या चढू दिल्या. मग एकच विचारलं, "जेवते का ती?"

"सकाळी दोन भाकरी खाल्ल्या," मी म्हणलं.

ताट आठवडाभर अर्धं खाली येत होतं, तीन दिवस तर जसंच्या तसं. खोटं बोलताना माझा अंगठा सरकला आणि बांगडी तिच्या हातावर फुटली. लग्नसराईत, भर दुपारी, माझ्या हातून. गेल्या दहा वर्षांत असं झालं नव्हतं. मला लाज वाटली आणि लाज वाटली की मला राग येतो. मी काहीतरी टाकून बोलले.

तिनं ऐकलं नाही. ती खाली वाकून तुकडे गोळा करायला लागली होती. मोठे दोन तर मीही उचलले असते, पण ही फळीच्या फटीत नख घालून बारीक कण काढत होती. तळहात ओला करून फरशीवरनं फिरवला. तुकडे जुळवून बघितले, पूर्ण गोल झाला की नाही ते. मग रुमालात बांधून पिशवीत टाकले.

"अगं, उकिरड्यावर टाक की. कोण वेडी नेते का काचा घरी?"

"राहू दे मावशी. मी नेते," ती म्हणाली.

नाटकं, असं मी मनात म्हणलं. तेवढ्यात दिलीप आला. त्यानं तिची पिशवी खेचून रस्त्यावर भिरकावली आणि पुन्हा या दारात दिसलीस तर पाय मोडीन म्हणून दम दिला. ती उठली, पिशवी उचलली, आतला रुमाल चाचपून बघितला आणि निघून गेली.

शुक्रवारी आली नाही. दुपारी मी दोनदा रस्त्याकडं बघितलं. का बघितलं ते मला विचारू नका.

शनिवारी सकाळी चुडा होता. पाव्हणे सगळे कार्यालयात उतरवले होते. नवरीला दृष्ट लागू नये म्हणून बाहेर काढत नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं आणि सगळ्यांना ते पटल्यासारखं दाखवता येत होतं. दहा वाजता पाच सवाष्णी आल्या, वर गेल्या, रंजनाला पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं. बाहेरचा कासार बोलवायचा प्रश्नच नव्हता. गावातल्या शेकडो नवरींचे चुडे मी भरलेत. माझ्या पोरीचा दुसऱ्या कोणी भरायचा?

मी सवयीनं अडीचची बांगडी घेतली. तिचं माप अठराव्या वर्षापासून अडीच होतं. बांगडी हाडावर अडकलीच नाही, सरळ कोपरापर्यंत गेली. बायका बघत होत्या. मी म्हणलं, नवरी बारीक झाली की चेहरा उठून दिसतो. मग सव्वादोनच्या काढल्या. शाळेतल्या पोरींच्या मापाच्या. त्याही दाबायला लागल्या नाहीत. हिरव्यागार, बिनरेघेच्या, उजव्यात दहा, डाव्यात नऊ. ती एकदाही आई गं म्हणाली नाही.

शेवटच्या बांगडीला तिनं पाच दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी तोंड उघडलं.

"आई, काचेच्याच आहेत ना?"

"कासाराच्या पोरीला काय प्लास्टिकच्या घालू?" मी म्हणलं. बायका हसल्या. रंजनाही किंचित हसली, आणि मला वाटलं, चला, वळली पोरगी.

बायका गेल्या. दिलीप कुलूप लावून किल्ली खिशात घालून आचाऱ्यांकडं कार्यालयात गेला. संध्याकाळी चार वाजता बँड येणार होता, तिला हळदीला न्यायला. मी दुकान उघडून बसले. लग्नसराईत कासाराचं दुकान बंद राहत नाही, घरचं लग्न असलं तरी. वरून चुडा किणकिणत होता. तो आवाज ऐकून मला बरं वाटत होतं. पोरगी वावरतेय, असं वाटत होतं.

बाराच्या सुमारास हेमा पाखरे फळीवर येऊन बसली. हात मोकळा.

मी दिलीपला हाक मारणार होते, पण तो नव्हता. आणि खरं सांगायचं तर माझ्या तोंडाला तिला चार शब्द सुनावायची खाज सुटली होती. ती उजवा हात पुढं करायला लागली तेव्हा मी तो ढकलून दिला.

"रोज एकाच हातात भरतेस. एक हात भरलेला, एक मोकळा, असं कोण फिरतं? आज माझ्या घरात चुडा भरलाय. असला अपशकुन आज चालायचा नाही. दोन्ही भर, नाहीतर ऊठ."

"डावा राहू दे, मावशी."

"मग ऊठ."

ती बसून राहिली. रस्त्याकडं बघितलं, वर माळवदाकडं बघितलं. मग घड्याळाचा पट्टा सोडला, घड्याळ पिशवीत टाकलं आणि डावा हात माझ्या हातात दिला.

मी साबण लावला. अंगठा मनगटाखालून फिरवला आणि तिथंच थांबले. बारीक, उंच झालेल्या रेघा होत्या. एकीखाली एक, चार. हात उलटा करून बघायची मला गरज नव्हती. सुरीची खूण सरळ जाते. उलथन्याचा चटका पसरतो. या रेघा टोकाशी वळलेल्या होत्या, नखाच्या चंद्रासारख्या. असल्या खुणा माझ्या दोन्ही हातांच्या बोटांवर आहेत. त्या कशानं पडतात ते मला कोणी शिकवायला नको.

"हिरवी होती?" मी विचारलं.

"हो."

"कधी?"

"लग्नाच्या आदल्या दिवशी. आईनं खोलीतलं सगळं काढून ठेवलं होतं, मावशी. सगळं."

मी वर बघितलं. किणकिण बंद झाली होती. कधी बंद झाली, ते मला सांगता येईना.

जिना मी कसा चढले ते आठवत नाही. गुडघ्यांनी मला दोन वर्षं एकेक पायरी थांबवून चढायला लावलं होतं. दाराला कुलूप. किल्ली कार्यालयात. मी हाक मारली. रंजे. परत मारली. आतून काही नाही. लहानपणी कुठं लपून बसली की ती मुद्दाम ओ द्यायची नाही, आणि मी मुद्दाम म्हणायचे, जाऊ दे, मला पोरगीच नाही. ते आठवलं आणि मी दाराला खांदा लावला.

"नंबर द्या, दिलीपला फोन लावते," मागोमाग आलेली हेमा म्हणाली.

"तो येईपर्यंत?" मी म्हणलं. "स्वयंपाकघरात बत्ता आहे. आण."

लोखंडी बत्ता तिनं आणला. कोयंडा माझ्या नवऱ्यानं स्वतः ठोकला होता, जुन्या सागवानात. पहिल्या तीन घावांना हलला नाही. चौथा हेमानं घातला, पाचवा मी. लाकडाचा ढलपा घेऊन तो खाली पडला.

रंजना ट्रंकेला टेकून बसली होती. डाव्या हातातल्या बांगड्या उतरवून जमिनीवर ओळीनं मांडल्या होत्या. माप सैल, साबणही लागला नसेल. आठ होत्या. नववी पदराच्या घडीत फोडली होती, आवाज होऊ नये म्हणून. उजवी मूठ आवळलेली होती आणि मुठीतून रक्त मनगटावर उतरत होतं. डाव्या मनगटाला काही झालं नव्हतं. मी ते दोनदा बघितलं. काही झालं नव्हतं.

तिनं माझ्याकडं बघितलं. चोरी सापडल्यासारखं नाही, आईकडं बघावं तसंही नाही. बाजारात ओळख नसलेल्या बाईकडं बघावं तसं.

"बँडची वाट बघत होते," ती म्हणाली. "म्हणजे कुणाला ऐकू आलं नसतं."

मी तिच्यापुढं बसले. मूठ हातात घेतली. ओढली असती तर तुकडा आणखी आत गेला असता. चाळीस वर्षं जे रोज बोलत आले तेच तोंडून निघालं.

"हात सैल सोड. अंगठा आत घे."

आणि सोडला तिनं. माझ्या मांडीवर वाढलेली पोर. ते शब्द ऐकले की हात सैल सोडायची सवय तिला बोलायच्या आधी लागली होती. बोट बोट उघडलं. तुकडा माझ्या तळहातावर आला, कोमट.

चुडा भरलेला हात कासारीण मोकळा करत नाही. तो दिवस नवरा मेल्यावर येतो, आणि तेव्हाही आमच्यातल्या बाया तोंड फिरवतात. मी तिच्या उजव्या हातातल्या दहा बांगड्या एकेक करून काढल्या. एकही फोडली नाही. हेमानं तिच्या तळव्याला रुमाल बांधला आणि सांगितलं की कोपऱ्यावर रिक्षा उभी आहे, अलका तिच्यात आहे. मी म्हणलं, मागच्या दारानं माळ्याच्या वाफ्यातून जा. अलकाचं तोंड मला आज बघायचं नाही.

रंजना उठली तेव्हा भिंतीला धरून उठली. पाया पडली नाही. मागच्या दारातून गेली आणि वाफ्यातून जाताना एकदाही वळली नाही. मी दारात उभी राहिले, तिची पाठ कर्दळीआड जाईपर्यंत. कार्यालयात तीनशे माणसांचा स्वयंपाक शिजत होता. पुढं दिलीप सहा वर्षं माझ्या ताटाला ताट लावून जेवला नाही. तासगावकरांनी दारात येऊन जे बोलायचं ते बोललं, आणि मीही त्यांना मोकळं पाठवलं नाही. सांगलीच्या संस्थेत आता पालकांची बैठक भरते, तिथं मला बोलावतात. आया विचारतात, तुम्ही कशा बदललात? मी कशाला बदलू. रंजना दिवाळीला फोन करते, दोन शब्द बोलते. माझ्या दुकानात ती अजून आलेली नाही, आणि काचेची बांगडी घालत नाही. या सगळ्याला मी तयार झाले, कारण ती फोन करते.

पण त्या दुपारी हे काही माहीत नव्हतं. हेमा पाखरे वरच्या खोलीत वाकून तुकडे गोळा करत होती. ओला तळहात फरशीवरनं फिरवत होती. नववी बांगडी जुळवून तिचा गोल पूर्ण झाला तेव्हा ती उठली. तिच्या डाव्या हातावर माझ्या साबणाचा फेस सुकला होता.

"चार दिवस माझ्यासमोर बसलीस," मी म्हणलं. "हे आधी का नाही सांगितलंस?"

"संस्थेत आम्ही ठरवलंय, मावशी. पोरगी जिवाचं काही बरंवाईट करून घेईल, असं सांगून कुठल्याच आईला भीती घालायची नाही. भ्यालेली आई दुसरं कुलूप लावते."

खरं होतं ते. बुधवारी तिनं सांगितलं असतं, तर मी तिच्या तोंडावर शटर ओढलं असतं. ते मला त्या क्षणीही माहीत होतं. पण माझ्या तळहातावर पोरीचं रक्त होतं, आणि तेवढ्या मोठ्या घरात शिव्या द्यायला मला दुसरं कोणी उरलं नव्हतं. ती जिन्याच्या तोंडाशी पोचली तेव्हा मी तिला थांबवलं.

"गिऱ्हाईक होऊन आलीस आणि खोटा हात पुढं केलास. उजवा, दर वेळी उजवा. डावा पहिल्या दिवशी माझ्या हातात दिला असतास, तर हा चुडा मी माझ्या हातानं माझ्या पोरीला भरला नसता. बाकी कुणाची काय चूक असेल ती असेल, हेमा. ही चूक तुझी."